वन्संच्या अमेरिकेतल्या मुली

पेण आणि रोहा हे दोन्ही तालुके पालथे घातले, नागोठणं आणि कोलाडसुद्धा सोडलं नाही, तरी अमेरिकेतल्या काळ्या मुलींची आमच्या वन्संइतकी काळजी करणारं माणूस सापडायचं नाही. खुद्द अमेरिकेत तरी सापडेल की नाही, मला शंकाच आहे. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. हल्ली नणंदेला वन्सं कोणी म्हणत नाही, माझी सून तर तो शब्द ऐकला की हसते. पण लग्नाला एकतीस वर्षं झाली, आता माझ्या तोंडात दुसरं काही बसायचं नाही. वन्संनी पेणच्या एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, आणि निवृत्त होऊन रोह्याच्या घरी राहायला गेल्यावर, ज्या वयात बाकीच्या बायका गुडघ्यांच्या तेलाची चौकशी करतात, त्या वयात त्यांनी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींसाठी लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्या वाचायला घेतल्या. त्याही कुठल्याही नाहीत. नायिका काळी हवी, तिच्या वाट्याला शाळेत, शेजारात, दुकानात कुठेतरी त्या रंगावरून काहीतरी आलेलं हवं, आणि शेवटी तिने मान वर केलेली हवी. गोरी नायिका निघाली की वन्सं पुस्तक मिटून टाकतात. म्हणतात, "हिचं बघायला पुष्कळ जण आहेत."

हे वेड लावलं नसीमने. नसीम वन्संची जुनी विद्यार्थिनी, रोह्याचीच, नवऱ्याच्या नोकरीमुळे आखातात गेलेली. दर सुट्टीत येते आणि मॅडमना भेटल्याशिवाय परत जात नाही. एकदा खजूर आणि बदामांच्या पिशवीत तिने स्वतःच्या मुलीचं वाचून झालेलं एक पुस्तक टाकलं, मॅडमना इंग्रजी आवडतं म्हणून. वन्संनी ते दुपारी उघडलं आणि गॅसवरचा भात पार कोळसा झाला तरी मिटलं नाही. संध्याकाळी मला फोन. "अगं, त्या पोरीला केस मोकळे सोडले म्हणून वर्गाबाहेर उभं केलंय! आहेतच तिचे केस तसे, कुरळे, फुललेले. ती काय करणार?" मला वाटलं शेजारची कोणी असेल. मी तावातावाने म्हटलं, "कुठली शाळा? मी ह्यांना पाठवते भांडायला." वन्सं म्हणाल्या, "शिकागोची." आता ह्यांना शिकागोला कसं पाठवणार? हे तर धाटावला कंपनीत असताना सेकंड शिफ्टलासुद्धा कुरकुरत जायचे.

तेव्हापासून नसीमच्या बॅगेत खजूर कमी आणि पुस्तकं जास्त. आणि वन्संची एक खोड अशी, की पुस्तकातली मुलगी पुस्तकातली आहे हे त्या सांगतच नाहीत. आपली भाची नाहीतर पुतणी असावी तसं बोलतात. दर मंगळवारी त्या रोह्याहून एसटीने पेणला आमच्या रामवाडीच्या घरी येतात, आणि त्या गाडीचा एक ठरलेला कंडक्टर आहे, चांगला गलेलठ्ठ, मिशीवाला. त्याने एका मंगळवारी सहज विचारलं, "काय मॅडम, आज गप्प गप्प?" वन्संनी सुस्कारा सोडला. "काय सांगू, आमच्या पोरीची आई एका मोठ्या हॉस्पिटलात फरशी पुसते, आणि पोरगी शिष्यवृत्तीवर ज्या शाळेत शिकते तिथे त्याच हॉस्पिटलच्या मालकाची मुलगी तिच्या बाकावर. आज कळणार आहे सगळ्या वर्गाला." कंडक्टर बिचारा तिकिटं फाडायचा थांबला. पुढच्या मंगळवारी वन्संना उशीर झाला, तर ह्याने रोहा स्टँडवर गाडी धरून ठेवली. लोक बोंबलतायत, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि हा दारात उभा राहून म्हणतोय, "थांबा हो जरा, त्या मुलीचं काय झालं ते कळू द्या."

आमच्या रामवाडीत तर ह्याच्यावर कडी झाली. समोरच्या अंगणात सात-आठ जणी पोह्याचे पापड लाटतात. वन्सं आल्या की पोळपाट सरकवून त्यांना जागा करून देतात, आणि वन्सं लाट्या मोडता मोडता गोष्ट सांगतात. ती हॉस्पिटलवाली मुलगी शेवटी बक्षीस समारंभाला आईला तिच्या कामाच्या कपड्यांतच घेऊन जाते, इथपर्यंत गोष्ट आली तेव्हा दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं झालं, संपलं. पुढच्या मंगळवारी त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी एक पुडकं घेऊन माझ्या दारात. पापड, मिरगुंडं, वर एक लोणच्याची बरणी, कापडात घट्ट बांधलेली. "बाईंना सांगा, तिच्या आईसाठी धाडा म्हणावं. दिवसभर काम करून घरी येते, तोंडाला चव नको काय गो?" कप्पाळ माझं! मी वन्संना आत नेऊन म्हटलं, आता तरी खरं सांगा. वन्संनी पुडकं हातात घेतलं आणि म्हणाल्या, "ही गोष्ट ज्या बाईने लिहिली तिला कळायला हवं हे." मग त्यांनी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं की ती मुलगी पुस्तकातली आहे. म्हातारीने पुडकं परत घेतलं नाही. म्हणाली, तशी कोणीतरी असेलच ना तिथे.

रंगाचा विषय निघाला की मात्र वन्संच्या समोर तोंड सांभाळून बोलावं लागतं. मी एकदा त्यांच्या नायिकांना 'सावळ्या' म्हटलं, चांगुलपणा म्हणून. त्यांनी लगेच पकडलं. "सावळ्या कशाला? काळ्या म्हण. त्या स्वतः ताठ मानेने म्हणतात, तू का लाजतेस?" लग्नाच्या हॉलमध्ये कोणी म्हणालं की मुलगी काळी आहे पण हुशार आहे, तर वन्सं हातातलं ताट खाली ठेवून विचारतात, "ते 'पण' मधे का आलं?" समोरचा माणूस जिलबी गिळायचा विसरतो. रोह्याच्या बाजारात एका दुकानदाराला त्यांनी गोरं करणाऱ्या क्रीमच्या ट्यूबा हातात घेऊन भर गर्दीत विचारलं होतं, "हे लावून गावातलं कोण गोरं झालं? एकीचं नाव सांगा, मी आत्ता घेते." तो बिचारा आजतागायत वन्सं दिसल्या की ट्यूबा काउंटरखाली सरकवतो आणि त्या गेल्या की परत मांडतो.

आणि माझं काय म्हणाल तर मी स्वतः चांगली काळी आहे. मला बघायला आले तेव्हा माझ्या आईने अर्धा डबा पावडर माझ्या तोंडाला फासली होती. बाकीचे पोहे खात होते, वन्सं मात्र माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी मेले मनातल्या मनात. मग त्या माझ्या आईला म्हणाल्या, "हिचं तोंड जरा धुऊन आणता का? मुलगी नीट दिसत नाहीये." माझी आई ते आयुष्यभर विसरली नाही. पण खोटं कशाला बोलू, एवढं होऊनही मी माझ्या लेकीला न्हाणीघरात डाळीचं पीठ आणि साय लावून घासघास घासलंच. सवय काय अशी सुटते?

ह्या मंगळवारच्या फेऱ्यांतून पुढे माझ्या ओटीवर वन्संचा वर्गच सुरू झाला. पेणच्या शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या दहा-बारा मुली येऊन बसायच्या. वन्सं हातात इंग्रजी पुस्तक धरून डोळ्यांनी इंग्रजी वाचायच्या आणि तोंडाने मराठी बोलायच्या, मधे कुठे अडखळणं नाही. एक गोष्ट मात्र त्या दर वेळी बजावायच्या. "हे बघा, त्यांच्या खापरपणज्यांना बाजारात उभं करून विकलं होतं. तुम्हाला मावशीने नावं ठेवली म्हणजे तेच झालं, असं समजू नका. त्यांचं दुःख त्यांचं आहे. आपण त्यांच्याकडून उभं राहायला शिकायचं." त्या मुलींत एक मनीषा होती. खाडीकडच्या गावातली, बाप मिठागरावर कामाला, अकरावीला होती. घरी 'नाय', 'व्हय' बोलायची आणि पेणच्या एसटी स्टँडवर उतरली की 'नाही', 'हो'. माझ्या ओटीवर तर बहुतेक वेळा काहीच बोलायची नाही. एका मंगळवारी पुस्तक संपल्यावर तिने अचानक विचारलं, "बाई, ह्या सगळ्या अमेरिकेतल्याच? आपल्या पेणमधली एक पण नाय?"

वन्संनी पुस्तक पिशवीत टाकलं. चहासुद्धा न घेता गेल्या. त्यानंतर चार मंगळवार आल्याच नाहीत, आणि कंडक्टर माझ्या दारात चौकशीला येऊन गेला. पाचव्या मंगळवारी आल्या त्या तीन वह्या घेऊन. मिठागरावरच्या एका काळ्या मुलीची कादंबरी, मराठीत, स्वतः लिहिलेली. मुलगी घरी एक बोलते, शाळेत एक बोलते, आणि दोन्हीकडे अर्धीच असते, अशी गोष्ट. मनीषाला विचारून, तिच्याकडून गावातलं सगळं नीट समजून घेऊन त्यांनी वर्षभर ती पुन्हा पुन्हा लिहिली. अडुसष्टाव्या वर्षी बाई लेखिका झाल्या! आणि पुण्याच्या एका प्रकाशकाने ती छापायचं कबूलही केलं. आम्ही घरात पेढे वाटले. मग कव्हर आलं.

कव्हरवर एक मुलगी होती. टपोरे डोळे, गुलाबी गाल, अंग पिठुळ चांदण्यासारखं. मिठागरावर ती जन्मात गेली नसणार, तिला पाठवलं असतं तर पहिल्या दुपारीच भाजली असती. वन्संनी फोन लावला. प्रकाशक फार गोड बोलत होते, मी शेजारी बसून ऐकत होते. मुखपृष्ठ प्रसन्न हवं मॅडम, मुलींना आपलीशी वाटणारी नायिका हवी मॅडम. वन्सं म्हणाल्या, "मुलींनाच आपलीशी वाटावी म्हणून तर लिहिलंय." ते म्हणाले, मग आतल्या मजकुराला आम्ही हात लावत नाही, कव्हर तेवढं आमच्यावर सोडा. वन्संनी शांतपणे वह्या परत मागितल्या. मी म्हटलं, वन्सं, एवढंसं कव्हर, त्याच्यापायी पुस्तक घालवता? एकच पुस्तक आहे तुमचं! त्या म्हणाल्या, "एकच आहे म्हणूनच."

वन्संनी मग पेणमध्येच पुस्तक छापायचं ठरवलं, आणि चित्रासाठी गाठलं आप्पांना. आप्पा गणपतीच्या कारखान्यात चाळीस वर्षं मूर्तींचे डोळे आखतात आणि अंगाचा रंग कालवतात. ते पहिल्यांदा हातच जोडायला लागले. "मॅडम, मी देवाची माणसं रंगवतो, माणसांची माणसं नाय." वन्सं हटल्या नाहीत. शेवटी आप्पांनी मनीषाला समोर बसवून चित्र काढलं, छान काढलं, आणि रंगाशी येऊन अडकले. अंगाच्या रंगाच्या त्यांच्याकडे बादल्याच्या बादल्या भरलेल्या, सगळ्या गोऱ्यापान. त्यांनी तपकिरी घातला, गेरू घातला, ढवळला, मनीषाच्या हातावर एक ठिपका लावून बघितला. उजळ. परत कालवला, परत ठिपका. लालसर. मग जरासा निळा घातला. मी म्हटलं, अहो आप्पा, निळा कशाला? ते म्हणाले, "सावलीत बघा वहिनी, हिच्या अंगाला निळी झाक हाय." सातवा का आठवा ठिपका लावला आणि वाळल्यावर तो कुठे लावला होता तेच आम्हाला सापडेना. आप्पा स्वतः तिचा हात उलटसुलट करून शोधत होते. दागिने रंगवणाऱ्या बायका आपापले ब्रश ठेवून बघायला आल्या आणि एकेक जण हात पुढे करून म्हणायला लागली, आप्पा, माझा पण कालवा. त्या दिवशी कारखान्यात गणपतीचं काम अर्धा दिवस बंद होतं, मालक नशिबाने मुंबईला गेले होते.

आता वन्संच्या डोळ्यांचं सांगायला हवं. तोपर्यंत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू चांगला पिकला होता. डॉक्टर कधीचे ऑपरेशन करा म्हणत होते, पण पुस्तक हातात येईपर्यंत वन्सं ऐकायला तयार नव्हत्या. प्रेसमधून निरोप आला, कव्हरचा नमुना तयार आहे, आजच होकार द्या, उद्यापासून मंडळांची पावतीपुस्तकं आणि आरत्या सुरू, मग थेट दिवाळीनंतर. मी, वन्सं आणि मनीषा, तिघी गेलो. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माणसाने मोठ्या कौतुकाने कागद पुढे केला. मी बघितला. चित्र आप्पांचंच, नाक-डोळे मनीषाचेच, आणि रंग गव्हाळ, गुलाबीकडे झुकलेला. माझ्या कानाशी येऊन तो माणूस हळूच म्हणाला, "जरा उजळ केलाय वहिनी. मी सगळ्यांचाच करतो, दहावीच्या फोटोंचा, लग्नाच्या बायोडाटाचा. कोणाला सांगत नाय. पोरींना बरं वाटतं." खरंच सांगते, त्याच्या डोळ्यांत तिळभर वाईट नव्हतं. माझा स्वतःचा लग्नाआधीचा फोटो असाच कुठल्यातरी भल्या माणसाने उजळवलेला असणार.

वन्संनी कागद नाकापर्यंत नेला, खिडकीकडे धरला, परत खाली घेतला. "मला सगळं धुकं दिसतंय. तू सांग. रंग आप्पांनी केला तसाच आलाय ना?" त्यांच्या चेहऱ्यावर लहान पोरीसारखी घाई होती. मला दिसत होतं की नाही म्हटलं तर पुस्तक दिवाळीवर जाणार, पुन्हा भांडण, पुन्हा धावपळ, ह्या वयात. पण तेवढंच नव्हतं. कागद बघितल्या बघितल्या माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर ते हे, की अगंबाई, किती गोड दिसतेय. मी म्हटलं, "छान आलंय, वन्सं."

वन्सं हसल्या. त्यांनी पेन मागितलं, माणसाने सही कुठे करायची तिथे त्यांचं बोट नेऊन ठेवलं. तेवढ्यात मनीषा बोलली. "बाई, सही करू नका. ही मी नाय."

प्रेसमधलं मशीन चालू होतं, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. वन्संनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. मनीषाला म्हणाल्या, "नीट सांग." मनीषाने आपला हात कागदाशेजारी टेबलावर ठेवला आणि सांगत गेली, आपल्या गावच्या बोलीतच, कुठे गाल पांढरे केलेत, कुठे गळा, कुठे हात. एकदाही अडली नाही. तो माणूस गोरामोरा झाला, कान धरले त्याने. म्हणाला, मॅडम, चुकलो, सवयीने झालं, मी आज जेवायला जात नाय, तुमचं करून देतो. आणि समोर बसून, मनीषाचा हात बघत बघत, त्याने तो सगळा उजेड उतरवला. संध्याकाळ झाली. वन्सं तोपर्यंत स्टुलावर बसून होत्या, शेवटी मनीषा 'व्हय' म्हणाली तेव्हाच त्यांनी सही केली.

घरी परतताना रिक्षात मी म्हटलं, "वन्सं, मी खोटं बोलले." त्यांनी माझा हात मांडीवर घेतला. "तू कुठे खोटं बोललीस? तुला ते छान वाटलंच होतं." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडले, रिक्षावाला आरशातून बघत होता, तरी रडले.

पुस्तक आलं. ऑपरेशनही झालं, आता वन्संना सगळं लख्ख दिसतं आणि एसटीतल्या लोकांच्या वाचून झालेल्या पेपरातल्या चुकासुद्धा त्या काढतात. मनीषा मुंबईला शिकायला गेली, तिचे फोन येतात, आणि वन्सं तिच्याबद्दल कंडक्टरला सांगतात तेव्हा तो विचारतो, मॅडम, ही खरी ना? माझी प्रत मी परवा एका दुपारी वाचून काढली. मिठागरावरची ती मुलगी शाळेच्या आरशासमोर उभी राहते त्या पानावर मी थांबले, पुढे जाता येईना. वन्संना फोन लावला आणि म्हटलं, "वन्सं, हे मला पंधराव्या वर्षी मिळायला हवं होतं हो."

वन्सं म्हणाल्या, "तू पंधरा वर्षांची होतीस तेव्हा मी शिकवत होते गो. चाळीस चाळीस पोरी समोर बसलेल्या, त्यात तुझ्यासारख्या कितीतरी. आणि मी त्यांना गोऱ्या राजकन्यांचे धडे पाठ करायला लावत होते. मनीषासारखं मला एकीनेही विचारलं नाही, आणि मलाही सुचलं नाही." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.